शिमानो टूर्नी ३×७: स्वस्तातला गिअरसेट, आणि त्याचे गिअर टाकायचे कसे

१० ते २० हजारांतली गिअरची सायकल बघायला गेलात की सायकलवर नाव कुणाचंही असो, मागच्या चाकाशी लटकणाऱ्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, बहुतेक वेळा शिमानो टूर्नी असंच लिहिलेलं असतं. जपानमधल्या साकाई शहरात १९२१ साली मागच्या चाकावरचं दातेरी फ्रीव्हील बनवण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. तिच्या आजच्या गिअरसेटच्या उतरंडीत टूर्नी तळाशी आहे, आणि त्यामुळेच ‘टूर्नी आहे, कटकट करणारच’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. आमचं मत वेगळं आहे. नीट बसवलेला आणि नीट सेट केलेला टूर्नी रोजच्या ऑफिसला, रविवारच्या ४०-५० किलोमीटरच्या फेरीला आणि दिवे घाटालाही पुरतो. मात्र महागडे सेट चालवणाऱ्याच्या चुका बऱ्याच प्रमाणात पोटात घालतात, टूर्नी घालत नाही. म्हणून या परीक्षणात सुट्या भागांइतकीच जागा ते वापरण्याच्या रीतीला दिली आहे. गिअर चुकीचे टाकत राहिलात तर या सेटबद्दल तुमचं मत वाईटच होणार.

सेटमध्ये काय येतं

नेहमीची जोडणी अशी: पुढे क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चेनरिंग (पुढच्या चकत्या), मागे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आटे फिरवून बसणारं ७ चकत्यांचं फ्रीव्हील, मागचा डिरेलर टीवाय३००, पुढचा डिरेलर, आणि हँडलवर गिअर बदलायचे दोन शिफ्टर. शहरी हायब्रिड सायकलींवर पुढे ४८-३८-२८ येतं. मागे दोन प्रकार दिसतात. एक १४-१६-१८-२०-२२-२४-२८, आणि दुसऱ्यात पहिल्या सहा चकत्या त्याच, पण शेवटची थेट ३४ दात्यांची, तिला मेगारेंज म्हणतात. शेवटच्या दोन चकत्यांच्या आकारातला फरक लांबूनही कळतो. दुकानात उभे असताना हे मोजाच; चढावर कोणता प्रकार आहे याने फार फरक पडतो, त्याबद्दल पुढे येईल.

डिरेलर पत्रा आणि प्लॅस्टिकचा आहे, वजनाला जड आहे, सांध्यांत थोडा ढिलेपणा नवा असतानाही जाणवतो. पण त्याची क्षमता चांगली आहे. सगळ्यात मोठी ३४ दात्यांची चकती तो पेलतो आणि एकूण ४३ दात्यांचा फरक सांभाळतो. ४२-३४-२४ आणि १४-३४ या जोडीला लागतात पुढचे १८ आणि मागचे २० मिळून ३८, म्हणजे हातात थोडं राखून आहे.

२१ गिअरचं गणित

सायकलवरच्या स्टिकरवर २१ लिहिलेलं असतं. तीन गुणिले सात. पण पुढचे दाते भागिले मागचे दाते असा हिशेब मांडला तर ४२/२४ म्हणजे १.७५, ३४/२० म्हणजे १.७, आणि २४/१४ म्हणजे १.७१. तीन वेगवेगळे गिअर, पायाला लागणारा जोर जवळपास एकच. ४२/२८ आणि २४/१६ तर दोन्ही बरोबर १.५. असे जुळे काढून टाकले, आणि ज्यांत चेन फारच तिरकी धावते तेही वगळले, तर हाताशी उरतात साधारण १२. ते भरपूर झाले.

चेन तिरकी धावते म्हणजे काय? पुढे सगळ्यात मोठी चेनरिंग आणि मागे सगळ्यात मोठी चकती, किंवा पुढे सगळ्यात लहान आणि मागे सगळ्यात लहान. चेन आडवी ताणली जाते, पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला, म्हणजे चेन ज्या दोन पत्र्यांमधून जाते त्यांना घासते, करकर ऐकू येते, आणि चेन-चकत्या लवकर झिजतात. लक्षात ठेवायला सोपं: पुढे मधली चेनरिंग असेल तर मागचे सातही वापरा, पुढे मोठी असेल तर मागच्या लहान चार, पुढे लहान असेल तर मागच्या मोठ्या चार. इतकं पाळलं तर चेनच्या आयुष्यात खरोखर फरक पडतो.

आता याच आकड्यांचा रस्त्यावरचा अर्थ. २६ × १.९५ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.०५ मीटर जातो. ३४/२० वर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल ३.५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग ताशी १६-१७ किलोमीटर. हा सपाट रस्त्यावरचा घरचा गिअर. ४२/१४ वर एका फेऱ्याला ६.१५ मीटर, म्हणजे ८० फेऱ्यांना ताशी साडेएकोणतीस. रस्त्यावर असंख्य लोक या सगळ्यात जड गिअरवर मिनिटाला ४०-५० फेरे मारत, खांदे हलवत, ताशी १८ ने जाताना दिसतात. गुडघे दुखायची सुरुवात तिथूनच होते. तोच वेग ३४/१८ वर ७५-८० फेऱ्यांत, पायावर कितीतरी कमी जोर देऊन मिळतो. गिअर शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यात एवढंच करावं: पुढचा शिफ्टर मधल्या चेनरिंगवर ठेवून विसरून जावा, आणि फक्त उजव्या हाताने पायांचे फेरे ७० ते ८५ मध्ये टिकवायचा सराव करावा. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा, चारने गुणा.

शिफ्टर: इथे पैसे वाचवू नका

टूर्नीच्या नावाखाली हँडलवर तीन जातीचे शिफ्टर येतात. मुठीसारखा फिरवायचा रेव्होशिफ्ट, हँडलवर उभा राहणारा अंगठ्याचा शिफ्टर, आणि दोन लिव्हरचा ईझी-फायर (बहुतेक वेळा ईएफ५००, ब्रेक लिव्हरसकट). आम्ही निःसंशय तिसऱ्याची शिफारस करतो. रेव्होशिफ्ट लहान मुलांना समजायला सोपा, पण घामट किंवा ओल्या हातात तो घसरतो, आणि खड्ड्यात हँडल घट्ट पकडलं की नको तेव्हा फिरतो. अंगठ्याचा शिफ्टर टिकाऊ आहे, पण त्यासाठी हाताची पकड दर वेळी सैल करावी लागते.

ईझी-फायरमध्ये एक गोष्ट शिकणाऱ्याला हमखास चकवते. उजवीकडे अंगठ्याने मोठा लिव्हर दाबला की चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढते, गिअर हलका होतो. डावीकडे अंगठ्याने दाबलं की चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवर चढते, गिअर जड होतो. तर्जनीच्या लिव्हरचं याच्या उलट. म्हणजे दोन्ही अंगठे चेनला मोठ्या दात्यांवर चढवतात आणि दोन्ही तर्जन्या खाली सोडतात, पण पायाला जाणवणारा परिणाम दोन हातांत उलटा. हे पाठ करण्यापेक्षा घरी सायकल स्टँडवर घेऊन, किंवा कुणाला तरी मागून सीट उचलायला सांगून, एका हाताने पेडल फिरवत चेनकडे बघत प्रत्येक लिव्हर दाबून पाहा. अंगठा दाबताना तार खेचली जाते, तर्जनी दाबताना तार सुटते आणि डिरेलरची स्प्रिंग चेन ओढते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. शिफ्टरच्या खिडकीतल्या आकड्याकडे रस्त्यावर बघू नका, नजर समोर आणि अंदाज पायाच्या जोरावरून.

गिअर टाकण्याची खरी रीत

चेन एका चकतीवरून दुसरीवर जाते ती चालू असतानाच. चकत्यांच्या बाजूला बारीक उतार कोरलेले असतात, काही दाते मुद्दाम तासलेले असतात. डिरेलर चेनला बाजूला ढकलतो, आणि चकती फिरता फिरता तो उतार चेनखाली आला की चेन त्यावरून वर चढते. याला चकतीचा थोडा फेरा लागतो. त्या क्षणी तुम्ही पेडलवर पूर्ण वजन टाकून उभे असाल तर ताणलेली चेन बाजूला वाकायला तयार नसते. मग ती अडते, आणि नंतर एकदम ‘खाड्’ असा आवाज करत दात्यांवर आपटते. त्या आवाजासाठी टूर्नीला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पाय फिरत राहिले पाहिजेत, थांबायचं नाही आणि उलटे तर मुळीच फिरवायचे नाहीत. गिअर बदलायच्या आधीच्या अर्ध्या फेऱ्यात थोडा जास्त जोर देऊन सायकलला वेग द्या. लगेच पायातला जोर काढा, पण पेडल फिरतं ठेवा, जणू रिकामं पेडल फिरवताय असं. त्याच अर्ध्या-पाऊण फेऱ्यात लिव्हर दाबा. चेन बसल्याचा बारीक ‘टक्’ ऐकू आला की मग जोर द्या. सवय झाली की हे सगळं एका सेकंदात होतं आणि बाजूने चालणाऱ्यालाही कळत नाही.

एका वेळी एकच गिअर. अंगठ्याचा लिव्हर लांब दाबला तर एकापेक्षा जास्त चकत्या ओलांडता येतात, पण शिकताना ते टाळा. अंगठ्याने दाबताना अर्धवट दाबून सोडू नका. क्लिक लागेपर्यंत दाबा, क्षणभर धरा, मग सोडा. पुढच्या मोठ्या चेनरिंगवर चढवताना हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे दात्यांमधला फरक ८ ते १० चा असतो आणि डाव्या अंगठ्याला खरोखर ताकद लागते. टूर्नीचा डावा अंगठा महागड्या सेटपेक्षा स्पष्टपणे जड आहे. लहान हात असलेल्यांना तो त्रासदायक वाटेल. ही या सेटची खरी उणीव आहे.

सिग्नलला थांबण्याआधीच मागे दोन-तीन गिअर हलके करून ठेवा. ही सवय ज्याला लागली त्याला गिअर कळले असं समजायला हरकत नाही. उभ्या सायकलवर लिव्हर दाबून ठेवले तर चेन हलत नाही, फक्त तार ताणून बसते. मग सिग्नल सुटल्यावर पहिल्याच जोराच्या पेडलला सगळं एकदम सुटतं, चेन दोन चकत्यांत अडकते किंवा उतरते, आणि मागे बस असते. चुकून थांबलातच जड गिअरवर, तर मागचं चाक उचलून पेडल हाताने अर्धा फेरा फिरवून घ्या.

घाट

चढाच्या बाबतीत एकच नियम: चढ पायाला जाणवण्याच्या आधी, डोळ्याला दिसला की पुढची चेनरिंग बदला. पुढची चेन खाली उतरवताना तिला ढकलणारी फक्त डिरेलरची स्प्रिंग असते, आणि ताणलेल्या चेनपुढे तिचं काही चालत नाही. चढाच्या मध्यावर वेग पाच-सहावर आलेला, उभं राहून जोर चाललेला, अशा वेळी डावी तर्जनी कितीही दाबली तरी चेन ३४ वरून २४ वर येत नाही, किंवा आली तर चेनरिंग सोडून थेट फ्रेमवर पडते.

समजा सपाटीवर ३४/२४ वर आहात आणि समोर पुण्याजवळच्या बापदेव घाटाचा चढ सुरू होतोय. डाव्या तर्जनीने पुढे २४ वर आलात तर पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात, कारण गुणोत्तर १.४२ वरून १ वर कोसळतं. म्हणून लगेच उजव्या तर्जनीने मागे दोन क्लिक, २४ वरून २० वर. आता गुणोत्तर १.२. आधीपेक्षा एकच पायरी हलकं, आणि खाली आणखी तीन पायऱ्या शिल्लक. दोन्ही कामं तर्जनीचीच आहेत: डावी एक, उजवी दोन. ही जोडी चढ सुरू होण्याच्या वीस-पंचवीस मीटर आधी हाताला बसली पाहिजे. चढ संपून सपाटी आली की उलट: डावा अंगठा एक, उजवा अंगठा दोन.

२८ का ३४, हा प्रश्न घाटातच सुटतो. सायकल, स्वार आणि पाणी मिळून ९० किलो धरा, चढ ८ टक्के, पाय मिनिटाला ६० फेरे. पुढे मधली ३४ ठेवून मागे २८ लावलं तर वेग ताशी ९ किलोमीटर, आणि नुसतं वजन वर चढवायलाच साधारण १७५ वॅट लागतात. हवा आणि टायरचं घर्षण वेगळं. नव्या सायकलस्वाराला हे तासभर झेपणार नाही. पुढे २४ घेतलं तर वेग ६.३ आणि गरज १२४ वॅट. मागे ३४ असेल तर वेग ५.२ आणि गरज १०२ वॅटवर येते. म्हणजे ज्याला घाट चढायचे आहेत पण तयारी अजून कच्ची आहे, त्याने मेगारेंजच घ्यावं. तोटा एकच: २४ वरून ३४ वर उडी मोठी आहे, चेन चढायला क्षणभर जास्त घेते, तेव्हा पायातला जोर आधी आणि नीट काढावा लागतो. रोज सपाट शहरात फिरणाऱ्याला २८ वालं बरं, त्यातल्या पायऱ्या सारख्या आहेत.

घरी फक्त फ्रीव्हील बदलून २८ चं ३४ करणाऱ्यांना एक सावधगिरी. चेन तीच ठेवलीत तर ती आखूड पडू शकते. नियम असा की चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गुंडाळायची, आणि जिथे टोकं जुळतात तिथून दोन कड्या जादा ठेवायच्या. आखूड चेनने चुकून मोठी-मोठी जोडी लागली तर डिरेलर मुळासकट उपटला जातो.

बिघडतं कुठे आणि का

शिमानोने १९८४ साली ड्युरा-एस या सर्वांत वरच्या सेटमध्ये इंडेक्स पद्धत आणली: एक क्लिक, ठरावीक तार, एक चकती. टूर्नीत तेच तत्त्व आहे. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण ५ मिलिमीटर असतं. डिरेलरची तार १ मिलिमीटर खेचली की पिंजरा १.७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका क्लिकला जेमतेम ३ मिलिमीटर तार हलते. यात तार अर्धा मिलिमीटर जरी ढिली पडली तरी पिंजरा जवळपास एक मिलिमीटर चुकतो, आणि खरखर सुरू होते. गिअर ‘आपोआप बदलतो’ या तक्रारीमागे दहांतल्या बहुतेक वेळा हेच कारण असतं. नव्या सायकलची तार पहिल्या एक-दोन महिन्यांत बसते, म्हणजे आउटर (तारेभोवतीची नळी) आपापल्या जागी दबतात, आणि तार ढिली झाल्यासारखी वाटते. दुकानदाराची पहिली मोफत सर्व्हिस म्हणून चुकवू नका.

सेटिंग स्वतः करायचं असेल तर आधी सायकलच्या मागे बसून बघा. चकती, डिरेलरची वरची पुली आणि खालची पुली (चेन ज्यांवरून जाते ती दोन छोटी चाकं) एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली तर डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकलाय. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा बसच्या टपावर, गाडीच्या डिकीत त्या बाजूला दाबली गेली की असं होतं. हँगर सरळ केल्याशिवाय स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही; कितीही वेळ घालवा, एका टोकाला जमेल आणि दुसऱ्या टोकाला बिघडेल.

हँगर सरळ असेल तर पुढे मधली चेनरिंग, मागे सगळ्यात लहान चकती, शिफ्टर ७ वर. तार सोडा. डिरेलरवर एच आणि एल असे दोन फुली स्क्रू आहेत. एच फिरवून वरची पुली १४ दात्यांच्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली आणा; उजवीकडे फिरवला की पुली चाकाच्या दिशेने येते. मग बॅरल, म्हणजे तारेच्या टोकाची फिरणारी प्लॅस्टिकची टोपी, पूर्ण आत बसवून दोन फेरे मागे घ्या, तार पकडीने ताणून बोल्ट आवळा. आता पेडल फिरवत अंगठ्याने एकच क्लिक. चेन १६ वर चढली नाही किंवा आढेवेढे घेत चढली तर बॅरल पाव फेरा डावीकडे. एकदम १८ वर गेली किंवा १८ ला घासते तर पाव फेरा उजवीकडे. सगळ्यात अचूक पद्धत अशी की चेन १६ वर असताना बॅरल डावीकडे फिरवत १८ ला घासल्याचा आवाज येईपर्यंत जायचं, आणि तिथून आवाज जाईपर्यंतच परत यायचं. बाकीचे गिअर यातून आपसूक जुळतात.

एल स्क्रू मागे राहिला, पण तो सगळ्यात धोक्याचा. चेन मोठ्या चकतीवर नेऊन डिरेलरला हाताने चाकाकडे ढकला. तो चकतीच्या रेषेपुढे जाता कामा नये. गेला तर एल उजवीकडे फिरवून अडवा. हा स्क्रू ढिला राहिलेल्या सायकलवर चढाच्या सुरुवातीला सगळ्यात हलका गिअर टाकला की चेन चकती ओलांडून स्पोकमध्ये जाते, पाठोपाठ डिरेलर जातो, आणि एका क्षणात डिरेलर, हँगर आणि तीन-चार स्पोक कामातून जातात.

पुढच्या डिरेलरचं सेटिंग अवघड म्हणून बरेच जण सोडून देतात. त्याचा बाहेरचा पत्रा मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि चेनरिंगला समांतर असला पाहिजे. तो उंच बसवलेला असेल तर चेन बाहेर पडतच राहणार. पुढे लहान-मागे मोठी या जोडीत आतला पत्रा चेनपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पुढे मोठी-मागे लहान या जोडीत बाहेरचा पत्रा तितकाच जवळ. मधल्या चेनरिंगचं बॅरलने जुळवा.

आणखी एक चूक दुरुस्तीच्या दुकानांत वारंवार होते: गिअरच्या तारेला ब्रेकचा आउटर. ब्रेकचा आउटर ५ मिलिमीटर जाड आणि आत गोल वळणाच्या तारेचा असतो, तो दाबला की आखडतो. गिअरचा आउटर ४ मिलिमीटरचा, आत सरळ उभ्या तारांचा, तो आखडत नाही. ब्रेकचा टाकला की सेटिंग चार दिवसही टिकत नाही. कापलेल्या तोंडाकडे बघितलं की फरक दिसतो. टोकांना टोप्याही हव्यातच.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर आतली १.२ मिलिमीटरची तार आणि आउटर दोन्ही बदलून टाका. विशेषतः मागच्या डिरेलरपाशी जो आउटरचा वळलेला तुकडा असतो, त्यात पाणी आणि चिखल साठतो. लक्षण ओळखीचं आहे: अंगठ्याने हलका गिअर नीट पडतो, पण तर्जनीने सोडल्यावर चेन लहान चकतीवर यायला उशीर लावते, कारण गंजलेली तार परत सरकत नाही. तेव्हा बॅरल फिरवू नका, तार बदला. खर्च काही शे रुपयांच्या आत आहे.

चेनला वापरलेलं इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावण्याची पद्धत सोडा, त्यावर धूळ चिकटून वाळूच्या कागदासारखं काम होतं. रॉकेलने धुवा, पूर्ण सुकू द्या, प्रत्येक रोलरवर चेन ल्यूबचा एक थेंब, दहा मिनिटांनी फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. झीज पट्टीने मोजता येते: ताणलेल्या चेनच्या २४ कड्या नव्या असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ झाल्या की चेन बदला. उशीर केला तर झिजलेल्या चकत्यांवर नवी चेन जोराच्या पेडलला घसरते आणि फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

सेटची मूळची कमजोरी

टूर्नीतला सगळ्यात मोठा दोष डिरेलरमध्ये नाही, तो फ्रीव्हीलच्या रचनेत आहे. सात चकत्या हबच्या बाहेर आट्यांवर बसतात, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग हबच्या आत खूप डावीकडे राहतं आणि ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, बराच भाग आधाराविना राहतो. ८५-९० किलोच्या वर वजन, मागे कॅरिअरवर सामान आणि खड्डे, एवढं एकत्र आलं की ॲक्सल वाकतो, कधी मोडतो. मागचं चाक फिरवल्यावर फ्रीव्हील थोडं डगमगताना दिसणं नॉर्मल आहे, पण ॲक्सलचं टोकच फिरताना लहरत असेल तर तो वाकलाय. अशा वापरासाठी ८ चकत्यांची कॅसेट (आट्यांऐवजी हबच्याच फिरत्या भागावर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच) असलेला शिमानो अल्टस सेटचा पर्याय बघा. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग फ्रेमच्या जवळ असतं. दोन-तीन हजार जास्त जात असतील तर ते तिथे घालवणं सार्थकी लागतं, सस्पेन्शन किंवा डबल डिस्क ब्रेकमध्ये नव्हे.

आणि ज्याला घर, ऑफिस, फार तर एखादा फ्लायओव्हर एवढंच करायचंय, त्याने पुढे एकच ३८ दात्यांची चेनरिंग आणि मागे १४-३४ असलेली सात गिअरची सायकल घ्यावी. त्यात सगळ्यात जड २.७१ आणि सगळ्यात हलका १.१२ मिळतो, डावा शिफ्टर नाही, पुढचा डिरेलर नाही, आणि अर्ध्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. दुकानदार ‘२१ चीच घ्या, भाव तोच आहे’ म्हणेल. ऐकू नका. घाट चढणाऱ्याला मात्र तीन चेनरिंगच हव्यात, तिथे ३८/३४ पुरत नाही.

सायकल ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी दुकानदाराला मागचं चाक उचलायला सांगा आणि स्वतः पेडल फिरवत सगळे सात गिअर वर आणि खाली, मग तीनही चेनरिंग वर आणि खाली. हवेत उचललेल्या चाकावरच थांबू नका, लगेच बाहेर रस्त्यावर नेऊन तेच पुन्हा, बसून, खऱ्या वजनाखाली. डिरेलरला हाताने चाकाकडे ढकलून एल स्क्रू तपासा. मागून हँगरची रेषा बघा. खोक्यातून येताना वाकलेला हँगर नव्या सायकलवरही सापडतो. गिअरच्या आउटरची जाडी बघा. फ्रीव्हीलची शेवटची चकती २८ ची आहे की ३४ ची, ते मोजा. आणि पहिल्या सर्व्हिसची तारीख बिलावर लिहून घ्या.